गाव बदलले, डॉक्टरही बदलले

मुले पुण्या-मुंबईत स्थिरावतात, आई-वडिलांचे वय सत्तरीकडे झुकते आणि एके दिवशी साताऱ्याचे, जळगावचे किंवा लातूरचे घर बंद करून ज्येष्ठ मंडळी शहरात राहायला येतात. सामानाची बांधाबांध महिनाभर चालते. पण ज्यांनी पंचवीस वर्षे नाडी पाहिली ते डॉक्टर मागे राहिले, ही गोष्ट पहिल्या दुखण्यापर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही. गावातल्या डॉक्टरांना जुने कागद दाखवावे लागत नसत. कोणत्या गोळीने अंगावर पित्त उठते, हे त्यांना ठाऊक असे. नव्या डॉक्टरांपुढे मात्र तोच रुग्ण कोऱ्या पाटीसारखा बसतो. ही पाटी आधीच भरून नेणे आणि मदतीचे पत्ते प्रकृती ठीक असतानाच शोधून ठेवणे, ही स्थलांतराच्या तयारीतील सर्वांत महत्त्वाची बाब होय. हे काम केवळ मुलांवर सोपवून चालत नाही. दुखणे दुपारी तीन वाजता उद्भवले, तर मुले कचेरीत असतात आणि घरात दोन ज्येष्ठच असतात.

निघण्यापूर्वी

जुन्या डॉक्टरांकडून आजारांचा एक पानी सारांश लिहून घ्यावा. निदान कोणते व केव्हा झाले, कोणत्या शस्त्रक्रिया झाल्या, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे आणि सध्या काय चालू आहे, एवढे त्यात असले तरी पुरे. रुग्णालयात उपचार झाले असल्यास तेथील नोंदींच्या प्रती मागून घ्याव्यात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागणी केल्यास ७२ तासांत नोंदी देणे आवश्यक आहे. आंतररुग्णांच्या नोंदी जपण्याची किमान मुदत तीन वर्षांची आहे, म्हणून ही मागणी लांबणीवर टाकू नये.

औषधांची यादी करताना व्यापारी नावाबरोबर मूळ औषधाचे नाव आणि मात्रा अवश्य लिहावी. नव्या डॉक्टरांनी तेच औषध दुसऱ्या कंपनीचे दिले आणि जुनी पाकिटे घरात तशीच राहिली, की रक्तदाबाची किंवा मधुमेहाची दुप्पट मात्रा पोटात जाण्याचा धोका असतो. जुना ईसीजी जवळ ठेवावा. छातीत दुखू लागल्यास नव्या ईसीजीशी त्याची तुलना करता येते. किमान महिनाभराची औषधे सोबत घ्यावीत. इन्सुलिन सामानाच्या ट्रकमध्ये न टाकता थंड पिशवीतून स्वतःजवळ न्यावे. डायलिसिसच्या रुग्णांनी नव्या शहरातील केंद्रात दिवस व वेळ निश्चित झाल्याखेरीज मुक्काम हलवू नये.

पहिल्या पंधरवड्यातील तीन पत्ते

पहिला पत्ता जवळच्या कुटुंबवैद्याचा. शहरात आल्यावर प्रत्येक तक्रारीसाठी थेट तज्ज्ञाकडे धाव घेण्याची प्रवृत्ती दिसते. गुडघ्यासाठी एक, हृदयासाठी दुसरा आणि झोपेसाठी तिसरा डॉक्टर असला, की या सर्वांची औषधे एकत्र कोण पाहणार, हा प्रश्न उरतो. चालत जाता येईल अशा अंतरावरील एम.बी.बी.एस. किंवा एम.डी. डॉक्टर निवडून, काहीही दुखत नसताना, फाइल घेऊन एकदा भेटून यावे. दवाखान्याला किती पायऱ्या आहेत, संध्याकाळी डॉक्टर किती वाजेपर्यंत असतात आणि गरज पडल्यास ते घरी येतात का, हेही तेव्हाच विचारावे. काही मोठ्या रुग्णालयांत वृद्धांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग असतो, त्याचीही चौकशी करावी.

दुसरा पत्ता तातडीच्या रुग्णालयाचा. हृदयविकाराच्या झटक्यात अँजिओप्लास्टीची सोय चोवीस तास असणारे रुग्णालय लागते. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी होऊन पक्षाघात झाल्यास ती विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्यापूर्वी सीटी स्कॅन व्हावा लागतो. त्यामुळे या सोयी रात्रीही सुरू असलेले रुग्णालय कोणते, हे आजच पाहून ठेवावे. पुण्यात सरकारी ससून रुग्णालय आणि महापालिकेचे मंगळवार पेठेतील कमला नेहरू रुग्णालय, तर पिंपरीत यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. खासगी रुग्णालय निवडले तरी जवळचे सरकारी रुग्णालय कोठे आहे, हे माहीत असावे.

तिसरा पत्ता औषधांच्या दुकानाचा. घरपोच औषधे देणारे आणि मूळ चिठ्ठी पाहिल्याखेरीज औषध न बदलणारे दुकान बरे. नेहमीची औषधे प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी केंद्रात बऱ्याच कमी किमतीत मिळू शकतात. मात्र बदल करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

स्वतःचा पत्ता पाठ आहे का?

हा प्रश्न वरवर विचित्र वाटेल. गावी ‘मारुतीच्या देवळामागे’ एवढे सांगितले तरी भागत असे. शहरात सोसायटीचे नाव, इमारतीचे अक्षर, सदनिकेचा क्रमांक आणि जवळची ठळक खूण सांगितल्याशिवाय रुग्णवाहिका दारात येत नाही. हा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ लावावा. सोसायटीच्या फाटकाचे नियम आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावते का, हे सुरक्षारक्षकाकडून जाणून घ्यावे.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची मोफत आपत्कालीन वैद्यकीय सेवा २०१४ पासून सुरू आहे. पोलीस, अग्निशमन वा अन्य आपत्तीत ११२ हा क्रमांक आहे. घरात मुलांव्यतिरिक्त निदान एका शेजाऱ्याचा क्रमांक असावा आणि त्या शेजाऱ्याकडे आपल्या मुलांचा.

खर्चाची तरतूद

आयुष्मान भारत योजनेअंतर्गत ७० वर्षे पूर्ण झालेल्या सर्व नागरिकांसाठी ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डाची सोय २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली. उत्पन्नाची अट नाही. वय आधारवरून ठरते आणि जुन्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ नाही. वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. पती-पत्नी दोघेही सत्तरीपुढचे असल्यास ही रक्कम दोघांत मिळून असते. खासगी विमा असला तरी कार्ड काढता येते. सीजीएचएस किंवा ईसीएचएसच्या लाभार्थींना मात्र दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते. ही सोय प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. दवाखान्याचे तपासणी शुल्क व रोजची औषधे तीत येत नाहीत. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती योजनेतील रुग्णालयांत बसणाऱ्या आरोग्यमित्राकडे मिळते. दोन्ही योजनांत निवडलेले रुग्णालय समाविष्ट आहे का आणि कोणत्या आजारांसाठी, हे आधी विचारणे शहाणपणाचे.

केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांनी सीजीएचएस कार्ड नव्या शहरातील केंद्राकडे आणि माजी सैनिकांनी ईसीएचएसची नोंद नव्या पॉलिक्लिनिककडे वर्ग करून घ्यावी. खासगी विमा असणाऱ्यांनी पत्ताबदल कंपनीला कळवावा. लहान शहराच्या दराने घेतलेल्या काही पॉलिसींमध्ये महानगरात उपचार घेतल्यास बिलाचा काही वाटा स्वतः भरावा लागतो, आणि हे बिल हाती आल्यावर समजते.

धर्मादाय रुग्णालयांची सवलत अनेकांना ठाऊक नसते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. तातडीच्या प्रसंगी या रुग्णालयांनी अनामत रकमेसाठी अडवून न धरता रुग्णाला दाखल करून त्याची प्रकृती स्थिर करावी, असेही त्यात नमूद आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासह रुग्णालयातील समाजसेवकास भेटावे.

दवाखान्याबाहेरच्या गरजा

घरी मदतनीस ठेवायची असल्यास आधी गरज नेमकी ठरवावी. आंघोळ, जेवण, हात धरून फिरवणे यासाठी आया पुरते. इंजेक्शन, जखमेचे ड्रेसिंग वा नळीने अन्न देणे यासाठी प्रशिक्षित परिचारिकाच हवी. ब्युरोकडून व्यक्ती घेताना ओळखपत्राची प्रत, पोलीस पडताळणी आणि सुट्टीच्या दिवशी बदली कोण येणार, या तिन्ही गोष्टी लेखी घ्याव्यात.

नव्या शहरातील एकटेपणा हाही प्रकृतीचाच प्रश्न आहे. ज्येष्ठ नागरिक संघ आता बहुतेक उपनगरांत आहेत आणि पुण्यात ठिकठिकाणी विरंगुळा केंद्रे आहेत. चांगला डॉक्टर कोणता आणि कोणत्या बँकेत जिना चढावा लागत नाही, ही माहिती तेथेच मिळते. मन फार उदास राहू लागल्यास १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते. नव्या घरात दिशा चुकणे, रात्री गोंधळणे असे प्रकार दिसल्यास ‘वयामुळे होते’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे.

आधारवरील पत्ता बदलून घ्यावा. वडीलधाऱ्यांच्या नावे वीजबिल वा भाडेकरार नसतो, ही अडचण ओळखून २०२३ पासून कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलण्याची सोय झाली आहे. नात्याचा पुरावा असल्यास मुलगा वा मुलगी ही संमती देऊ शकते. निवृत्तिवेतनासाठी लागणारा हयातीचा दाखला ‘जीवन प्रमाण’द्वारे घरबसल्या देता येतो; त्यासाठी जुन्या शाखेत जाण्याची गरज नाही.

गावचे घर विकण्यापूर्वी

गावचे घर विकून किंवा मुलांच्या नावे करून शहरात येणाऱ्यांनी घाई करू नये. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणासाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकते. मात्र ही अट बक्षीसपत्रात स्पष्ट शब्दांत लिहिलेली असावी. महाराष्ट्रात या न्यायाधिकरणाचे काम उपविभागीय अधिकारी म्हणजेच प्रांत पाहतात. आपल्या नावे थोडी ठेव आणि स्वतः वापरता येईल असे बँक खाते असावे. यात अविश्वास नाही. औषधाच्या पैशासाठी दर वेळी हात पसरावा लागू नये, एवढाच हेतू.

महाराष्ट्राबाहेर जाणाऱ्यांसाठी

बंगळूर किंवा हैदराबादला मुलांकडे जाणाऱ्यांनी राज्याच्या योजनेवर विसंबू नये; वय वंदना कार्ड मात्र परराज्यातील योजनेतील रुग्णालयांतही चालते. आजारांचा सारांश इंग्रजीत घ्यावा आणि घराचा पत्ता स्थानिक भाषेत लिहून खिशात ठेवावा.

फोनजवळ लावण्याची यादी

रुग्णवाहिका : १०८
पोलीस व अन्य आपत्ती : ११२
ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन ‘एल्डरलाइन’ : १४५६७ (सकाळी ८ ते रात्री ८, माहिती, कायदेशीर मार्गदर्शन, छळाची तक्रार)
आयुष्मान भारत : १४५५५
महात्मा फुले जन आरोग्य योजना : १५५३८८
मानसिक आधार : १४४१६
या खाली आपल्या हाताने लिहावे : कुटुंबवैद्य, ठरवलेले रुग्णालय, औषधांचे दुकान, शेजारी.