मान्यता कोणी द्यावयाची?

महाबळेश्वरी आलेल्या पाहुण्यास पाच नद्यांची उगमस्थाने दाखविण्याची रीत आहे. पावसाळ्यात येथे पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तरीही चैत्र-वैशाखात डोंगरातील कित्येक वाड्यांच्या बायका झऱ्याशी हंडे मांडून बसतात. जांभ्याच्या सड्यावर पडलेले पाणी ठरत नाही, उताराने निघून जाते. विद्यापीठातील विद्येचेही पुष्कळदा असेच होते. ती वाडीत मुरावी कशी, आणि जे विद्यार्थी ती मुरविण्यास झटतात त्यांना मान्यता कोणी द्यावयाची, एवढाच प्रश्न आम्ही येथे मांडणार आहोत.

आम्ही शिक्षणतज्ज्ञ नव्हे. आमची शाळा लवकर सुटली. पुढले शिक्षण वाचनालयाने आणि कामगारांच्या सभांनी केले. पण ‘मान्यता’ हा शब्द आमच्या नित्य परिचयाचा आहे. 1926 च्या कायद्याने कामगार संघटनेस नोंदणी मिळाली, परंतु नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. महाराष्ट्राने 1971 साली मान्यतेचा वेगळा कायदा केला, तेव्हा आधीचे सहा महिने निदान 30 टक्के कामगार सभासद असले पाहिजेत, अशी अट घातली. म्हणजे मालकाची मर्जी नव्हे, तर ज्यांच्यासाठी काम करावयाचे त्यांचा पाठिंबा, हा मान्यतेचा पाया ठरला.

हा पाया आपल्याकडे जुना आहे. नारायण मल्हार जोशी यांनी 1911 साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणगावात रात्रशाळा व वाचनालये चालविली. हेच जोशी 1920 साली आयटक उभारण्यात पुढे होते. चाळीतून शिकलेला माणूसच पुढे कामगारांचा विश्वास मिळवू शकला, हे ध्यानात घ्यावयास हवे.

आमच्या जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव प्रथम घ्यावे लागते. नांगर आणि कंदील विकीत हा माणूस गावोगाव फिरला होता. खेड्याचे दुखणे त्याने पुस्तकातून शोधले नाही. 1919 साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था निघाली, 1924 साली ती साताऱ्यास आली. वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवीत, दळण-स्वयंपाक करीत, शेतात राबत. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिले. 1947 साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेथेही ‘कमवा आणि शिका’ हाच नेम होता. त्या श्रमाला प्रशस्तिपत्र नव्हते. गावाने दिलेली मूठभर ज्वारी हीच मान्यता होती.

सरकारदरबारी हा विचार सावकाश आला. 1948-49 च्या राधाकृष्णन आयोगाने विद्यार्थ्यांच्या स्वेच्छेच्या समाजसेवेचा पुरस्कार केला. 1959 साली एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष चिंतामणराव देशमुख. त्यांचा जन्म याच डोंगराच्या पश्चिमेस, महाड तालुक्यातील नाते गावचा. पुढे कोठारी आयोग झाला, आणि 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 37 विद्यापीठांत 40,000 विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास काम व सात दिवसांचे विशेष शिबिर, अशी तिची शिस्त. 1993-94 पासून उत्तम पथकांना राष्ट्रीय पुरस्कार देण्यात येऊ लागले. पुढे अशा कामाला श्रेयांकही मिळू लागले. हे सारे स्वागतार्ह आहे.

परंतु तास मोजले म्हणजे काम मोजले, असे नव्हे. काही वर्षांपूर्वी डोंगराखालच्या एका वाडीत एका महाविद्यालयाचे शिबिर आले होते. मुले मनापासून राबली, ओढ्यावर दगडी बांध घातला, फोटो निघाले, तासांची नोंद झाली. आम्ही शेवटच्या दिवशी गेलो तेव्हा एक म्हातारी म्हणाली, “पोरं चांगली हायती वो, पर इथं पाणी ठरत न्हाई. वरच्या फणसाखाली ठरतंय. मला कुनी इचारलंच न्हाई.” पुढच्या वैशाखात बांध कोरडा होता. दुसऱ्या वर्षी त्याच महाविद्यालयाची दहा मुले परत आली, कोणी धाडले नसताना. त्यांनी म्हातारीला पुढे घातले आणि फणसाखालचा झरा मोकळा केला. या कामाचे तास कोठेही लिहिले गेले नाहीत. झऱ्यावर मात्र हंडे भरू लागले.

पहिल्या शिबिरात मुलांनी श्रम दिले. दुसऱ्या खेपेस ती शिकली. विद्यापीठाने मान्यता द्यावयाची ती या दुसऱ्या गोष्टीला. आमची सूचना साधी आहे. विद्यार्थी-पथकाचा गौरव ठरविताना प्राध्यापकांच्या अहवालाबरोबर ग्रामसभेचे मतही घ्यावे, आणि तेही शिबिर संपताच नव्हे, तर एक उन्हाळा उलटल्यावर. पथकाने कोणास विचारले, काय चुकले, पुन्हा आले काय, एवढे तीन प्रश्न पुरेत. याने कित्येक पथकांची पदके हुकतील, हे आम्ही जाणतो. मान्यतेच्या मोजणीत आमच्याही संघटना हरल्या आहेत. हरल्यावर पुन्हा कामगारांच्या दारी जावे लागते, आणि खरे शिक्षण तेथेच सुरू होते, असा आमचा अनुभव आहे.