आपल्या बागेची जमीन

स्मरणिका समितीने 'सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा' असं सांगितलं, तेव्हा मी ऑफिसच्या कपाटातून इतिवृत्तांच्या जुन्या वह्या काढल्या. पाणी, लिफ्ट, कन्व्हेयन्स, गच्चीची गळती हे विषय इतरांनी घेतलेच आहेत. मी पंप रूमशेजारच्या बालोद्यानाचा इतिहास लिहायचं ठरवलं. कारण त्यातली एक नोंद माझ्या हाताची आहे, आणि ती दुरुस्त करायची राहून गेली आहे.

बिल्डरने ताबा दिला तेव्हा नकाशात 'आर.जी.' म्हणून दाखवलेल्या त्या कोपऱ्यात एक घसरगुंडी, दोन झोके, एक सी-सॉ आणि एक लोखंडी जंगल जिम होतं. खाली दोन ट्रक रेती. जुन्या मंडळींना आठवत असेल, मे महिन्यात घसरगुंडीचा पत्रा इतका तापायचा की पोरं आधी त्यावर बाटलीभर पाणी ओतायची. रेतीत मात्र त्यांचा संध्याकाळभर मुक्काम. पडायची, रडायची, गुडघ्याला हळद लावून परत यायची. पहिल्या पाच वर्षांत खरचटण्यापलीकडे काही झाल्याचं वहीत नाही आणि माझ्याही आठवणीत नाही.

रेतीचा त्रास होता, हे खरं. मांजरं घाण करायची. पावसाळ्यात गटार तुंबायचं. लिफ्टमध्ये रेती, जिन्यात रेती, शाळेच्या बुटांत रेती. दरवर्षी ती थोडी थोडी कमी होत होती आणि नवीन टाकायला कोणी तयार नव्हतं. सहाव्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत ठराव आला: रेती काढून पेव्हर ब्लॉक बसवावेत. मी तेव्हा सेक्रेटरी होतो. खरं सांगायचं तर ठराव माझाच, सूचक म्हणून दुसऱ्यांचं नाव घातलं एवढंच.

सी विंगमधले एक निवृत्त पी.टी. सर उठले. म्हणाले, "पोरं पडणारच. ती कशावर पडणार, तेवढंच आपल्या हातात आहे. ब्लॉक घालायचे तर आधी ते जंगल जिम काढा." मागून कोणीतरी म्हणालं, "सर, आपण काय गादीवर पडत होतो का लहानपणी?" सगळे हसले. मीही हसलो. मतदानाच्या वेळी सरांनी विरोधात हात वर केला. त्यांचा एकट्याचाच होता. रात्री घरी बसून मी वहीत लिहिलं, 'साधकबाधक चर्चेनंतर ठराव सर्वानुमते मंजूर.'

बाग स्वच्छ झाली. सगळ्यांनी कौतुक केलं.

दोन वर्षांनी, एका शनिवारी संध्याकाळी, बी विंगमधली सात वर्षांची मुलगी जंगल जिमच्या वरच्या दांडीवरून सुटली. तिने हात पुढे टेकला. मी खालीच होतो. कोपर भलत्याच दिशेला वळलेलं आणि मुलगी रडतसुद्धा नव्हती. गर्दी जमली. एकाने ओळखीच्या हाडवैद्याचं नाव सांगितलं, दुसऱ्याने तेल आणायला पाठवलं. तेवढ्यात ए विंगमधल्या सिस्टर आल्या. त्यांनी कोणालाही हात लावू दिला नाही. मनगटाची नाडी पाहिली, बोटं हलवायला लावली, साडीचा खोका फाडून पुठ्ठ्याचा आधार दिला, ओढणीने सैलसर बांधला आणि रिक्षात बसल्या.

सिस्टरांनी तेल आणि आवळपट्टी का टाळली, ते हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी मला नंतर समजावलं. दंडाचं हाड कोपराच्या अगदी वर चपटं आणि पातळ असतं. पाच ते सात वर्षांच्या मुलांत, हात टेकून पडल्यावर, ते तिथेच मोडायची शक्यता जास्त. लहान मुलांची हाडं एरवी ओल्या फांदीसारखी, पूर्ण न तुटता एका बाजूने चिरतात, पण हे हाड सरकलं तर समोरून जाणारी रक्तवाहिनी आणि नसा दाबल्या जातात. त्यावर घट्ट पट्टी बांधली, चोळलं, की हाताचा रक्तपुरवठाच तुटू शकतो. स्नायू मरतात आणि बोटं कायमची आकडल्यासारखी होतात. फोल्कमान नावाच्या जर्मन शल्यचिकित्सकाने १८८१ साली याचं वर्णन करून ठेवलंय. त्याच्या आधी तीसेक वर्षं, १८५२ साली, मॅथाइसन या डच लष्करी डॉक्टरने प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या पट्ट्या आणल्या होत्या. प्लॅस्टर तेव्हापासून आहे, पण सूज असताना ते आवळून चालत नाही.

त्या रात्री ऑपरेशन झालं, दोन तारा घातल्या. काही आठवड्यांनी तारा निघाल्या, हात चालू लागला. सरळ केला की कोपर अजून किंचित आत वळलेलं दिसतं.

पुढच्याच आठवड्यात कमिटीने नोटीस लावली: 'बालोद्यान पुढील सूचनेपर्यंत बंद.' जंगल जिम भंगारात गेलं, झोक्यांच्या साखळ्या काढल्या. मला वाटलं, प्रश्न मिटला. पण पोरं काय घरी बसतात? ती पार्किंगच्या उतारावर सायकली सोडू लागली, कंपाउंडच्या भिंतीवरून चालू लागली. त्याच पावसाळ्यात पंप रूमच्या स्लॅबवरून एक मुलगा उतरताना घसरला आणि मनगट मोडून बसला. खेळणी काढली, तरी पडणं काही थांबलं नाही. बाग जवळपास चार वर्षं तशीच रिकामी होती. पाहुण्यांच्या स्कूटर लागायच्या तिथे.

निवृत्तीनंतर मी या विषयावर जमेल तेवढं वाचलं. आपण जे केलं ते जग आपल्या आधी करून बसलं होतं. अमेरिकेत मुलांच्या बागांची सुरुवात वाळूनेच झाली. १८८०च्या दशकात बोस्टनमध्ये, बर्लिनमधली कल्पना घेऊन, गरीब वस्तीतल्या मुलांसाठी वाळूचा ढीग टाकला होता. उंच खेळणी मागाहून आली. जंगल जिमचं पेटंट सेबॅस्टियन हिंटन या वकिलाला १९२३ साली मिळालं. त्याचे वडील गणिती. मुलांना त्रिमिती समजावी म्हणून त्यांनी जपानमध्ये असताना बांबूचा सांगाडा बांधला होता, आणि मुलांना गणितापेक्षा त्यावर चढण्यातच मजा वाटली. पुढे शहरांमध्ये झाडलोट सोपी व्हावी म्हणून खाली डांबर आलं. न्यूयॉर्कमध्ये १९३०च्या दशकापासून रॉबर्ट मोझेस यांच्या कारकिर्दीत शेकडो बागा झाल्या, त्यांत डांबरावर उभी पोलादी खेळणी असायची. म्हणजे रेती काढण्याची त्यांची कारणं आणि आपली कारणं फारशी वेगळी नव्हती.

१९८१ साली अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने बागांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली. मुलांना होणाऱ्या इजांपैकी बहुतांश इजा खाली जमिनीवर आपटून होतात, हा तिचा मुख्य मुद्दा. त्यांच्या आताच्या तक्त्याप्रमाणे नऊ इंच वाळूचा थर चार फुटांपर्यंतच्या उंचीला पुरतो, लाकडाच्या चिपांचा तेवढाच थर दहा फुटांपर्यंत. नुसती माती आणि हिरवळ ते धरतच नाहीत, कारण पायांनी आणि उन्हाने ती कडक होते. आपली रेती पाचव्या वर्षी चार बोटंही उरली नव्हती. ती काढायला नको होती, तिच्यात भर घालायला हवी होती. हिशेब करून पाहिला: पाच फुटांवरून सुटलेलं मूल जमिनीला टेकताना ताशी जवळपास वीस किलोमीटर वेगात असतं. वजन कितीही असो. तो वेग रेतीत काही इंचांत जिरतो. पेव्हर ब्लॉकवर तो जिरवायला हाताचं हाडच असतं.

तेराव्या वर्षी नव्या कमिटीने रबराच्या टाइल्स आणि बुटकी खेळणी बसवली. खर्चावरून दोन सभा भांडणात गेल्या, ते वहीत सविस्तर आहे. तेव्हापासून पोरं पडतात, उठतात, परत चढतात. पी.टी. सर ती बाग पाहायला नव्हते.

लेख लिहिण्याआधी मी बी विंगमध्ये जाऊन आलो. ती मुलगी आता चोवीस वर्षांची आहे, नोकरी करते. विचारलं, तुझ्याबद्दल लिहू का? म्हणाली, "नाव नको काका. हाताचं लिहा." मग मी तिला वहीतली ती नोंद दाखवली. तिने वाचली आणि विचारलं, "सगळे हो म्हणाले होते?"

म्हणून ही दुरुस्ती, पंचवीस वर्षांच्या या स्मरणिकेत, सर्व सभासदांसमोर: सहाव्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेतला पेव्हर ब्लॉकचा ठराव सर्वानुमते मंजूर झालेला नाही. तो बहुमताने मंजूर झाला. एक मत विरोधात होतं, कारणासकट होतं, आणि ते तत्कालीन सेक्रेटरीने, म्हणजे मी, लिहिलं नाही.

आणि एक विनंती. झोक्याखालच्या चार टाइल्स उन्हाने आक्रसून कडेला उचलल्या आहेत, मधून सिमेंट दिसतं. झोक्यावरून मूल बरोबर तिथेच उतरतं. येत्या सभेत हा विषय घ्यावा, आणि कोणी विरोध केला तर तोही लिहून घ्यावा.