निहाली : सातपुड्याच्या पायथ्याची एकाकी भाषा

१/ वाशीम जिल्ह्यातील धनजहून वायव्येकडे निघावे, अकोला जिल्हा ओलांडावा, की बुलडाण्याचा जळगाव जामोद तालुका लागतो. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या तेथील काही गावांत निहाली बोलली जाते. भाषिक तिला ‘कल्टो’ही म्हणतात. त्यांची संख्या जेमतेम दोन ते अडीच हजार. आणि जगातील कोणत्याही भाषेशी तिचे नाते आजवर सिद्ध झालेले नाही.

२/ ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (१९०६) स्टेन कोनो यांनी निहालीला मूळची मुंडा, म्हणजे कोरकूच्या जातकुळीची बोली ठरविले. पुढे तिच्यावर द्राविडी आणि मग आर्य भाषांचे थर चढले, असे त्यांचे मत होते. शेजारच्या कोरकूंचे शब्द तिच्यात विपुल असल्याने ते सहज पटणारेही होते.

३/ परंतु शब्दसाम्य म्हणजे नाते नव्हे. मराठीत ‘दरवाजा’ फारसीतून आला, ‘बटाटा’ पोर्तुगीजांकडून. म्हणून मराठी फारसी किंवा पोर्तुगीज ठरत नाही. ‘मी’, ‘हात’, ‘पाणी’ हे रोजचे शब्द तिचे कूळ सांगतात. सर्वनामे आणि अवयवांची नावे भाषा सहसा उसनी घेत नाही.

४/ हीच कसोटी निहालीला लावू. दोन, तीन, चार हे अंक द्राविडी वळणाचे आहेत. मात्र ‘जो’ (मी), ‘जिकित’ (डोळा), ‘आपो’ (विस्तव) यांचा उगम शेजारच्या भाषांत सापडत नाही. १९५७ मध्ये सुधीभूषण भट्टाचार्य यांनी क्षेत्रीय नोंदी प्रसिद्ध केल्या. १९६२ मध्ये डच अभ्यासक कायपर यांनी तुलना केली, तेव्हा सुमारे एक चतुर्थांश शब्दसंग्रहाला भारतात कोठेच जोड मिळेना.

५/ ब्रिटिशकालीन कागदपत्रांत निहालांची नोंद लुटारू म्हणून आहे. त्यामुळे ही मुद्दाम घडविलेली गुप्त बोली असावी, अशीही शंका पुढे आली. कायपर यांनीही ती विचारात घेतली. पण गुप्त बोलीलाही शब्द कोठून तरी आणावे लागतात. त्या चतुर्थांशाचे मूळ कोणते, हा प्रश्न तरीही उरतोच.

६/ हाच पेच न्यू गिनीत प्रचंड प्रमाणावर आहे. तेथील शेकडो भाषांना ‘पापुअन’ म्हणतात. पण ते एक कूळ नाही. ‘ऑस्ट्रोनेशियन नसलेल्या’ एवढाच त्या नावाचा अर्थ. त्यात अनेक कुळे आहेत आणि काही भाषा निहालीसारख्याच एकाकी. १९७१ मध्ये ग्रीनबर्ग यांनी पापुअन आणि अंदमानी भाषा एकाच महाकुळात बसविल्या. बहुतेक भाषाशास्त्रज्ञांनी ते मानले नाही. २००५ मध्ये माल्कम रॉस यांनी सर्वनामे तपासून अधिक सावध गट मांडले.

७/ आपल्या जनगणनेत १९७१ पासून दहा हजारांहून कमी भाषिक असलेल्या भाषांची नावे स्वतंत्रपणे प्रसिद्ध होत नाहीत. निहाली ‘इतर’ या रकान्यात विरून जाते. के. एस. नागराज यांनी २०१४ मध्ये तिचे व्याकरण, कथा आणि शब्दसंग्रह ग्रंथबद्ध केले, हे आपले भाग्य.

८/ ज्या भाषेला नातलग नाहीत, तिचा इतिहास दुसऱ्या कोणत्याही भाषेतून पुन्हा उभा करता येत नाही. वऱ्हाडात मराठी आणि कोरकूच्या आधी कोण बोलत होते, याची कदाचित उरलेली एकमेव साक्ष त्या चतुर्थांश शब्दांत असेल. ते बोलणारी मुले आहेत, तोवरच ती साक्ष जिवंत आहे.