नवजात बाळाची पावले कुठे हरवतात?

१/ नवजात बाळाला काखेत आधार देऊन उभे धरले आणि तळवे जमिनीला टेकवले, की ते चालल्यासारखी पावले उचलते. सुमारे दोन महिन्यांत ही पावले नाहीशी होतात आणि वर्षाच्या अखेरीस चालण्याच्या रूपाने परततात. या कोड्याने बालविकासाच्या एका प्रबळ सिद्धान्ताला बळ दिले आणि पुढे त्यालाच हादराही दिला.

२/ येल विद्यापीठात आर्नल्ड गेसेल बाळांच्या हालचालींचे चित्रीकरण करीत. मान धरणे, बसणे, रांगणे यांचा क्रम शरीरातच ठरलेला असतो, असे त्यांचे मत होते. १९२९च्या प्रयोगात जुळ्या बहिणींपैकी एकीला जिना चढण्याचा सराव दिला; दुसरीने उशिरा सुरुवात करूनही थोड्याच सरावात तिला गाठले. निष्कर्ष : शिकवणीहून परिपक्वता मोठी.

३/ हरवलेल्या पावलांचे स्पष्टीकरण मर्टल मॅकग्रॉ यांनीही मेंदूतच शोधले. मेंदूचा बाह्यस्तर पक्व होऊ लागला, की तो ही प्रतिक्षिप्त क्रिया दाबून टाकतो, असे त्यांनी मांडले. हेच उत्तर पुढे पाठ्यपुस्तकांत रुजले.

४/ १९७२मध्ये फिलिप झेलाझो व सहकाऱ्यांनी बाळांना रोज काही मिनिटे या पावलांचा सराव दिला. पावले हरवण्याऐवजी वाढली!

५/ आता एस्थर थेलन पुढे आल्या. पूर्वी कीटकांच्या हालचाली अभ्यासलेल्या या संशोधिकेच्या लक्षात आले, की उताणे पडलेले बाळ पाय झाडते, त्याची लय पावलांसारखीच असते आणि ती हरवत नाही. मेंदू पावले दाबत असेल, तर फक्त उभे धरल्यावरच का?

६/ १९८४चा त्यांचा प्रयोग साधा होता. बाळांच्या पायांना छोटी वजने बांधली, पावले घटली. त्यांना पाण्यात उभे धरले, पावले वाढली. पहिल्या महिन्यांत पायांवर चरबी झपाट्याने चढते, स्नायूंचे बळ मागे पडते. पावले हरवली नव्हती; पाय जड झाले होते.

७/ यातून गतिशील प्रणालींचा दृष्टिकोन आकाराला आला. थेलन आणि लिंडा स्मिथ यांनी १९९४च्या ग्रंथात तो विस्ताराने मांडला : विकासाचा एकच सूत्रधार नसतो; मेंदू, स्नायू, शरीराचे वजन, परिसर आणि सराव मिळून हालचाल घडवतात.

८/ परिपक्वतेचे महत्त्व यामुळे संपले नाही. संपली ती तिची एकाधिकारशाही. बाळ ‘मागे’ दिसले, की दोष मेंदूत शोधण्याआधी त्याच्या शरीराकडे आणि भोवतालाकडेही पाहायचे, ही दृष्टी पाण्यात उचललेल्या त्या पावलांनी दिली.