ओमसवाद : विनोदाची मर्यादा आणि विनयाची दृष्टी

“थट्टाच तर केली, त्यात एवढे मनाला लावून घेण्यासारखे काय आहे?” हे वाक्य आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहे. आधी माणसाला दुखवायचे आणि मग दुखावल्याबद्दल त्यालाच दोष द्यायचा, असा हा दुहेरी डाव आहे. विनोद कोठे संपतो आणि अपमान कोठे सुरू होतो, हा प्रश्न आधुनिक वाटतो. परंतु भगवान बुद्धांच्या संघाने त्याचा विचार फार पूर्वी केला होता, आणि तोही केवळ उपदेश म्हणून नव्हे, तर नियम म्हणून. त्या नियमाचा परिचय करून घ्यावा आणि त्याच्या प्रकाशात आपल्या अलीकडच्या इतिहासातील एक प्रकरण तपासावे, एवढाच आमचा हेतू आहे.

विनयपिटकातील पाचित्तिय नियमांपैकी दुसरा नियम ओमसवादाचा, म्हणजे टोचून, हिणवून बोलण्याचा आहे. भगवान श्रावस्तीस जेतवनात असताना छब्बग्गिय म्हणून ओळखले जाणारे सहा भिक्खु सदाचारी भिक्खूंना हिणवीत असत. तक्रार भगवंतांपर्यंत गेली. त्यांनी तक्षशिलेच्या नंदिविशाल बैलाची कथा सांगितली. मालकाने शंभर गाड्या ओढण्याची पैज लावली आणि ऐन वेळी बैलाला अपशब्दाने हाक मारली. बैल जागचा हलला नाही, आणि मालक एक हजार हरला. पुढे गोड शब्दांनी बोलावताच त्याच बैलाने शंभर गाड्या ओढल्या व मालकाला दोन हजार मिळवून दिले. पशूलाही जो शब्द सहन होत नाही, तो माणसाला कसा सहन व्हावा, हे या कथेचे तात्पर्य आहे.

या नियमाचे खरे महत्त्व त्याच्या विवरणात आहे. माणसाला हिणविण्याची दहा साधने तेथे मोजली आहेत : जाती, नाम, गोत्र, कर्म, शिल्प, आजार, शरीराचे लक्षण, क्लेश, आपत्ती आणि शिवी. हीन समजल्या जाणाऱ्या जातींत चांडाल, वेण, निषाद, रथकार व पुक्कुस यांची नावे येतात. हीन समजल्या जाणाऱ्या शिल्पांत बुरूड, कुंभार, विणकर, चर्मकार व न्हावी यांची. शरीराच्या लक्षणांत फार उंच, फार ठेंगणा, फार काळा, फार गोरा असे उल्लेख आहेत. ज्यांवरून आजही विनोद केले जातात, त्यांतील बहुतेक गोष्टी या यादीत सापडतात.

ही यादी वाचून कोणी म्हणेल की बौद्ध ग्रंथांनीच या जातींना हीन ठरविले. परंतु मूळ वाक्यरचना लक्षपूर्वक पाहिली पाहिजे. नाम, गोत्र, कर्म व शिल्प यांच्या याद्या सांगून झाल्यावर, त्या त्या जनपदात जे तुच्छ लेखले जाते ते, अशी पुस्ती तेथे जोडलेली आहे. ब्राह्मणांत प्रतिष्ठित असलेले भारद्वाज गोत्रही हीन गोत्रांच्या यादीत येते. याचा अर्थ उघड आहे. हीनत्व वस्तूत नसून लोकांच्या समजुतीत आहे, आणि ती समजूत प्रदेशागणिक बदलते, हे विनयकारांनी जाणले होते. एखादा शब्द लागट आहे की नाही, हे शब्दकोशावरून ठरत नाही. तो कोणत्या समाजात, कोणाला उद्देशून उच्चारला गेला, यावरून ते ठरते.

विवरण आणखी सूक्ष्म होत जाते. हिणविण्याच्या हेतूने हीन मानलेल्यास उच्च नावाने संबोधले, तरीही दोष तोच. चांडाल कुळातील भिक्खूला उपरोधाने क्षत्रिय म्हणणे हा अपमानच होय. नाव न घेता “येथे काही चांडाल आहेत” असे मोघम बोलले, तर तेथे दुक्कट दोष घडतो. आणि शेवटी थट्टेचा प्रसंग येतो. अपमान करण्याचा हेतू नव्हता, केवळ विनोद म्हणून बोललो, असे असेल तर? विनय उत्तर देतो : तो दुब्भासित दोष. आपत्तींच्या सात वर्गांत हा सर्वांत हलका होय, परंतु तो दोषच आहे. हेतू दोषाचे वजन कमी करतो, दोष पुसून टाकीत नाही. सूट आहे ती अर्थ सांगण्यासाठी, धम्म सांगण्यासाठी किंवा अनुशासनासाठी बोलणाऱ्याला, हसविणाऱ्याला नाही.

संघाला अशा नियमाची गरज का भासली, हे समजणे कठीण नाही. कोमेजलेली फुले काढून टाकणारा सुनीत त्या संघात होता. शाक्यांचा न्हावी उपाली होता. शाक्य कुमारांनी आपला कुलाभिमान मोडावा म्हणून उपालीला आपल्याआधी प्रव्रज्या देण्याची विनंती केली, असे चुल्लवग्ग सांगतो. जेथे अशी माणसे एकत्र राहणार, तेथे जुनी जात शिवीच्या रूपाने आली नाही तरी हास्याच्या रूपाने परत येऊ शकते. तो दरवाजा या नियमाने बंद केला.

आता आधुनिक काळाकडे वळू. संविधान सभेत नझिरुद्दीन अहमद यांनी मसुदा समितीवर कोटी केली : ‘ड्राफ्टिंग’ नव्हे, ‘ड्रिफ्टिंग’ समिती, म्हणजे वाहवत जाणारी. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या कोटीचा समाचार घेतला. संविधान सभेपुढे ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या व २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, हे आकडे त्यांनी दिले. इतर देशांच्या घटनांना लागलेल्या कालावधीशी तुलना केली. आणि समिती वाहत असलीच, तरी आपल्याला हवा असलेला मासा ओळखीच्या पाण्यात शोधीत वाहत होती, अशा आशयाचा प्रतिटोला लगावला. ती थट्टा कामाची होती, माणसाच्या जन्माची नव्हती. आणि जिची थट्टा झाली त्या समितीचा प्रवक्ता उत्तर देण्यास त्याच सभागृहात उभा होता.

याच विलंबावर शंकर यांचे व्यंगचित्र २८ ऑगस्ट १९४९ रोजी ‘शंकर्स वीकली’त आले होते. संविधानरूपी गोगलगायीवर बाबासाहेब चाबूक घेऊन बसले आहेत, मागे पंडित नेहरूंनी चाबूक उगारला आहे आणि लोक पाहत आहेत, असे ते चित्र. २००६ साली ते एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात छापले गेले. संविधानास इतका काळ का लागला, असा प्रश्नही विद्यार्थ्यांना विचारलेला होता. मे २०१२ मध्ये संसदेत याविरुद्ध आवाज उठला, सरकारने माघार घेतली, आणि पुस्तकाचे सल्लागार योगेंद्र यादव व सुहास पळशीकर यांनी राजीनामे दिले. डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पुढे अनेक व्यंगचित्रे वगळण्याची शिफारस केली, समितीतील एम. एस. एस. पांडियन यांनी भिन्नमत नोंदविले.

विनयाची कसोटी येथे दोन्ही बाजूंना लागू पडते. पाठ्यपुस्तककारांचा हेतू अनुशासनाचा होता, हे मान्य करण्यास आम्हांस अडचण वाटत नाही. परंतु ‘त्या त्या जनपदात’ ही पुस्ती ते विसरले. उगारलेला चाबूक आणि त्याच्यापुढे बाबासाहेब, हे दृश्य विलंबावरील टीका म्हणून पाहणे एका वर्गाला सोपे आहे. ज्यांच्या पूर्वजांच्या पाठीवर तो चाबूक ओढला गेला, त्यांना ते सोपे नाही. आणि ज्या वर्गखोलीत ते चित्र उघडले जाते, तेथे दोघांचीही मुले बसलेली असतात. उन्नामती श्यामसुंदर यांनी १९३२ ते १९४८ या काळातील १०० हून अधिक आंबेडकरविषयक व्यंगचित्रे एकत्र करून २०१९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यांत बाबासाहेब कधी ठेंगणे, कधी स्त्रीवेशात दिसतात. एकेक चित्र सुटे पाहिले तर विनोद वाटेल. सारी ओळीने पाहिली की शरीराच्या लक्षणांवरून हिणविण्याची ती जुनी रीत ओळखू येते.

तथापि, मे २०१२ मध्येच पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली, तिचे समर्थन विनय करू देत नाही. बाबासाहेबांनी कोटीला आकड्यांनी व प्रतिकोटीने उत्तर दिले. श्यामसुंदर यांनी चित्रांना ग्रंथाने उत्तर दिले. हाच मार्ग आपला होय.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. ओमसवादाचा नियम भगवंतांनी परक्यांसाठी केला नव्हता. तो स्वतःच्या संघासाठी होता. आपल्या विहारात, आपल्या लग्नमंडपात कोणाच्या रंगावरून, व्यंगावरून, पोटजातीवरून किंवा बापाच्या धंद्यावरून हशा पिकत असेल, तर तो नियम प्रथम तेथे वाचून दाखविला पाहिजे.