दोन टेलिफोन



गेले दोन महिने इथे काही लिहिलं नाही. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, त्यामुळे पडद्याकडे बघायला मनाई होती. तीन-चार जणांनी फोन करून "बाई, लेख का नाही?" असं विचारलं. बरं वाटलं. आजचा विषय जरा जड आहे, पण मधेच सोडू नका ही विनंती.

दिवाळीत माझी भाची आली होती. पुण्यात ती नोकरी करते आणि आठवड्यातून एक संध्याकाळ एका हेल्पलाइनवर फोन घेते. जीव नकोसा झालेली, व्यसनाने घर बुडालेली, रात्र सरता सरत नाही अशी माणसं तिथे फोन करतात. चकल्या तळता तळता मी तिला विचारलं, "मग तुम्ही त्यांना काय सांगता गं?"

"काही नाही मावशी. ऐकतो."

"नुसतं?"

"नुसतं ऐकणं सोपं वाटतं का तुला?"

आता चौतीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला असं विचारल्यावर काय होणार! सांगणं हाच आमचा धंदा. मुलगा रडत आला, सांगा. पालक भांडत आले, सांगा. काही न सांगता माणसाचं भलं होतं हे मला काही पटेना. मी इतिहासाची शिक्षिका. एखादी गोष्ट पटली नाही की ती सुरू कुठून झाली ते शोधायची सवय. शोधताना दोन टेलिफोन सापडले. त्यांची गोष्ट आधी सांगते.

पहिला टेलिफोन अमेरिकेतल्या ॲक्रन नावाच्या गावातल्या एका हॉटेलातला. साल १९३५, महिना मे. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला माणूस एका कंपनीच्या कामासाठी तिथे आला होता. काम फसलं. खिशात पैसे नाहीत, गावात ओळखीचं कुणी नाही. दारूपायी याचं आयुष्य धुळीला मिळालं होतं आणि गेल्या डिसेंबरपासून, म्हणजे जेमतेम पाच महिने, त्याने दारू सोडली होती. हॉटेलच्या दिवाणखान्यात एका बाजूला बार, तिथून हसण्याबोलण्याचे आवाज येतायत. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी.

त्या पाच महिन्यांत त्याच्या एक गोष्ट लक्षात आली होती. तो दुसऱ्या दारुड्यांना समजावायला जाई. त्यांतला एकही सुधारला नव्हता, पण हा स्वतः मात्र प्यायला नव्हता! म्हणून तो बारकडे न जाता टेलिफोनकडे गेला आणि एका पाद्रीला फोन लावला. मागणं काय, तर मला बोलायला एक दारुडा हवा आहे. तिथून फोनावर फोन करत तो हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोचला. त्यांच्या ओळखीत डॉ. बॉब स्मिथ नावाचे एक सर्जन होते. नाणावलेले डॉक्टर, पण दारूने पार खचलेले. १२ मे रोजी दोघांची भेट ठरली. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की पंधरा मिनिटं बसेन, जास्त नाही. बोलणं सहा तासांवर चाललं.

डॉक्टरांना दारूचे दुष्परिणाम का ठाऊक नव्हते? ते तर डॉक्टरच होते. पण आजवर जो भेटला तो उपदेश करणारा भेटला. हा पहिलाच माणूस स्वतःची फजिती सांगत होता. पुढे एकदा डॉक्टर घसरले, पण १० जून १९३५ नंतर त्यांनी शेवटपर्यंत थेंब घेतला नाही. तीच तारीख 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'ची स्थापना म्हणून धरतात. भारतात ही चळवळ १९५७ साली आली. आमच्या नात्यातले एक जण वीस वर्षं त्या सभांना जातात. (त्यांना विचारूनच लिहिते आहे. नाव लिहिणार नाही, कारण नाव न सांगणं हाच तिथला नियम.) ते म्हणतात, "वहिनी, मी कायमची सोडली असं कधी म्हणत नाही. आजच्या दिवस घ्यायची नाही, एवढंच."

दुसरा टेलिफोन लंडनचा. चॅड वारा नावाचे एक तरुण पाद्री होते. १९३५ सालीच, म्हणजे योगायोगाने त्याच वर्षी, त्यांना पाद्री म्हणून पहिला अंत्यविधी करावा लागला तो एका कोवळ्या मुलीचा. तिला पाळी सुरू झाली होती. आपल्याला काहीतरी घाणेरडा रोग जडला असं तिला वाटलं, विचारायला कुणी नव्हतं, आणि तिने जीव दिला. हे वाचताना मी थांबले. आपल्याकडेही मुलींना याविषयी कुठे कोण सांगत होतं? आमच्या वेळी 'कावळा शिवला' एवढ्यावर भागायचं.

ती मुलगी वारा यांच्या मनातून गेली नाही. १९५३ साली ते लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चचे मुख्य पाद्री झाले. घराला आग लागली की फोन करायला नंबर आहे, मग जिवावर उदार झालेल्या माणसाला का नसावा, असा त्यांचा साधा हिशेब. चर्च युद्धातल्या बाँबहल्ल्यात पडलं होतं, दुरुस्ती चालली होती. लोकांच्या ध्यानात राहील असा 'मॅन ९०००' हा नंबर त्यांना हवा होता. धूळ पुसून चर्चचा फोन पाहिला तर त्यावर तोच नंबर! २ नोव्हेंबर १९५३ रोजी तिथे पहिला फोन आला. वर्तमानपत्रांनी बातमी उचलली, 'डेली मिरर'ने या कामाला नाव दिलं, आणि त्यातूनच 'समॅरिटन्स' ही संस्था उभी राहिली.

पण मला सगळ्यात आवडला तो पुढचा भाग. फोन वाढले, माणसं प्रत्यक्षही येऊ लागली. बाहेरच्या खोलीत रांग लागे. आलेल्यांना चहा द्यावा, दोन शब्द बोलावेत म्हणून काही साधे लोक मदतीला येत. वारा यांनी पाहिलं की बाहेर चहा पिता पिता बोलून झालेली कितीतरी माणसं आत यायच्या आधीच "आता बरं वाटतंय" म्हणून घरी जातात. स्वतः शिकलेला, अनुभवी समुपदेशक आत बसलाय आणि काम होतंय बाहेर, चहाच्या कपावर! दुसरा कुणी असता तर त्याला राग आला असता. यांनी फेब्रुवारी १९५४ मध्ये फोन त्या स्वयंसेवकांच्याच हाती सोपवला. डॉक्टरची गरज कुणाला आहे ते ओळखणं, स्वयंसेवक निवडणं, त्यांना तयार करणं हे काम स्वतःकडे ठेवलं. वारा २००७ साली गेले. तो काळा फोन त्या चर्चमध्ये काचेच्या पेटीत जपून ठेवला आहे म्हणे.

आणखी एक लक्षात घ्या. वारा यांनी हे सुरू केलं तेव्हा इंग्लंडमध्ये आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. तो कायदा १९६१ साली गेला. पण १८६० साली त्यांनीच आपल्याला दिलेलं दंडविधानाचं ३०९ कलम आपल्याकडे राहिलं. वाचलेल्या माणसाला एक वर्षापर्यंत कैद! सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली ते रद्द ठरवलं आणि १९९६ साली पुन्हा वैध ठरवलं. मग २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सांगितलं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं मानावं, त्याला शिक्षा करू नये, त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, तिच्यात ३०९ सारखं कलम नाही. (सरकारी नोकराला त्याच्या कामात अडवण्यासाठी केलेल्या प्रयत्नाचं वेगळं कलम आहे, ते सोडून.) इतकी वर्षं ज्याला मदत हवी तो मदत मागायला घाबरत होता, आणि घरचेही गोष्ट दाबून टाकत होते.

आता आपल्याकडचं. १९८६ साल महत्त्वाचं. त्या वर्षी चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी 'स्नेहा' ही आत्महत्या रोखण्यासाठी काम करणारी संस्था सुरू केली. त्याच वर्षी २९ ऑगस्टला पुण्यात 'मुक्तांगण' सुरू झालं. ही गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनात अडकलेल्या मुलांवर लेख लिहिले, ते पु. ल. आणि सुनीताबाईंनी वाचले, अस्वस्थ झाले आणि एक लाख रुपये देऊ केले. डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या, त्यांनी तिथल्याच आवारात केंद्र उभं केलं. अनिताताई १९९७ साली कर्करोगाने गेल्या, पण काम थांबलं नाही. व्यसनातून बाहेर आलेली माणसंच तिथे नव्याने आलेल्यांना हात देतात. ॲक्रनचा तो सहा तासांचा संवाद येरवड्यात मराठीत चालू आहे असं मला वाटतं.

'स्नेहा'ची एक गोष्ट मला शिक्षिका म्हणून फार मोलाची वाटते. निकालानंतर मुलं जीव देतात, तर नापास झालेल्यांना लगेच पुन्हा परीक्षा देऊ द्या, असा आग्रह त्यांनी धरला आणि तमिळनाडूत तशी सोय झाली. आपल्या महाराष्ट्रात दहावीची फेरपरीक्षा जुलैत घ्यायला २०१५ साली सुरुवात झाली. तोपर्यंत काय होतं? 'ऑक्टोबरची वारी'! आम्ही शिक्षकसुद्धा हसत हसत हा शब्द वापरायचो. ऑक्टोबरला बसायचं म्हणजे वर्ष गेलं. बरोबरीची मुलं अकरावीला आणि हा गल्लीत.

इथवर इतिहास झाला. आता जे लिहिते ते घरातल्याही फार जणांना माहीत नाही.

१९७९ चा जून. आम्ही तेव्हा तालुक्याच्या गावी राहत होतो. दहावीचा निकाल लागला होता. माझ्या वर्गातला एक मुलगा इंग्रजी आणि गणितात गेला. अक्षर मोत्यासारखं, फळ्यावरचा सुविचार रोज तोच लिहायचा. वडील पीत. घरात त्यामुळे जे व्हायचं ते होत असणार, पण तेव्हा आम्ही ते विचारत नसू. निकालाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो दारात आला. घरी पाहुणे होते, पिठाने हात भरलेले. म्हणाला, "बाई, जरा बोलायचं होतं."

मी म्हटलं, "अरे, ऑक्टोबरला बस, त्यात काय एवढं! उद्या शाळेत ये, बोलू."

"बरं बाई," म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

तो उद्या आला नाही. सकाळीच बातमी आली.

'त्यात काय एवढं' हे शब्द मी धीर देण्यासाठी वापरले होते. त्याच्यासाठी ते केवढं होतं हे विचारलंच नाही. त्या गावात तेव्हा फोन म्हणजे पोस्टात एक, डॉक्टरांकडे एक आणि दोन-तीन व्यापाऱ्यांकडे. हेल्पलाइन हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. त्याच्यासाठी हेल्पलाइन म्हणजे बाईंचं दार.

त्या दिवशी चकल्या झाल्यावर हे सगळं मी भाचीला सांगितलं. सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा सलग सांगितलं. "तू बोलली असतीस तर तो वाचला असता" असं ती म्हणाली नाही, आणि "तुझी काही चूक नव्हती" असंही म्हणाली नाही. "मावशी, एवढी वर्षं एकटीच घेऊन बसलीस?" इतकंच म्हणाली आणि माझ्याजवळ बसून राहिली. गॅसवरचा चहा उकळून उकळून आटला. तेव्हा मला कळलं की नुसतं ऐकणं म्हणजे काय. रात्री झोप बरी लागली.

नंतर मी तिला विचारलं की समोरचा खरंच जिवाचं बरंवाईट करायच्या विचारात आहे असं वाटलं तर? ती म्हणाली, सरळ विचारायचं. "जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्याने डोक्यात विचार पेरला जातो ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणसाला सुटल्यासारखं वाटतं. मग त्याला एकटं सोडायचं नाही आणि डॉक्टरपर्यंत न्यायचं. ऐकणं हा पहिला टप्पा. आजार असेल तर औषध लागतंच, हेही तिने बजावून सांगितलं.

आता कामाचं, वहीत लिहून ठेवा. १४४१६ हा सरकारचा 'टेलि-मानस' नंबर. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाला. चोवीस तास, मोफत, आणि मराठीतही बोलता येतं. दारू किंवा इतर व्यसनासाठी १४४४६ हा राष्ट्रीय नंबर आहे, घरच्यांनीही करायला हरकत नाही. मी दोन्ही नंबर मोठ्या अक्षरात लिहून आमच्या सोसायटीच्या फळ्यावर लावलेत. सेक्रेटरी म्हणाले, "बाई, लोक काय म्हणतील?" म्हटलं, म्हणू द्या.

आणि तुम्हा घरच्यांसाठी, जुन्या विद्यार्थ्यांसाठी माझा नंबर आहेच. कधीही करा. पाहुणे असले तरी फोन घेईन, उद्या म्हणणार नाही.

असो. डोळे दुखायला लागले. पुढच्या वेळी काहीतरी हलकंफुलकं लिहीन.