अंगठ्यावरचं पाचवं शील

आजी पंचशील बोटांवर मोजायची. करंगळीपासून सुरुवात: जीव घ्यायचा नाही, चोरी नाही, व्यभिचार नाही, खोटं नाही. पाचवं, दारूचं, अंगठ्यावर यायचं. "आंगठ्याबिगर गिलास धरता येते का?" असं विचारून ती अंगठा मुठीत मिटून घ्यायची.

ते तिला मिळालं १४ ऑक्टोबर १९५६ ला. अशोक विजयादशमी. वर्ध्याकडच्या खेड्यातून आजी-आजोबा भाकरी अन् ठेचा बांधून रेल्वेनं नागपूरला निघाले. पांढरं नेसून या, असा निरोप होता. आजीकडे पांढरं लुगडं कुठलं? शेजारणीचं मागून आणलं, रात्री निळीतून काढलं. व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळचं मैदान पांढरंशुभ्र झालं होतं. भदंत चंद्रमणींनी बाबासाहेब आंबेडकरांना आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांना बौद्ध धम्माची दीक्षा दिली. मग बाबासाहेबांनी उभ्या राहिलेल्या लाखो माणसांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. दारू न पिण्याची त्यातलीच एक.

आजोबा तोवर बाजाराच्या दिवशी पिऊनच घरी यायचे. दीक्षेनंतरच्या पहिल्या बाजाराला ते शुद्धीत आले. खिशात पैसे होते. त्यातून माझ्या वडिलांची पाटी आली.

दोन महिनेही झाले नव्हते, तोच ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. आजी सांगायची, "त्या राती हा पेते का म्हनून मी जागीच होती. रडला लय. पन पेला नाही."

हे सगळं ऐकत मी वाढले, तरी पाचवं शील मला लागू नाही असंच समजत होते. मी कुठे पिते? पण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत अंगठा फोनवर सरकत राहायचा. झोप उडाली, घरात चिडचिड वाढली. शेवटी इगतपुरीच्या धम्मगिरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेले. फोन आधीच जमा केला. श्वासाकडे पाहायला शिकवण्याआधी तिथे पंचशील घ्यायला लावलं. तेव्हा क्रम उमगला: आधी शील, मग समाधी, मग प्रज्ञा. पाचवं शील दारू वर्ज्य करतं, कारण ती प्रमादाचं, बेसावधपणाचं मूळ आहे. माझा बेसावधपणा वेगळ्या बाटलीत होता, एवढंच.

आज मनःशांतीसाठी श्वास सगळेच शिकवतात. शील मात्र मागे राहतं. आमच्या घरी शांतता आली ती एका माणसानं बाजारातून शुद्धीत परतायचं ठरवलं म्हणून. ध्यानाला बसण्याआधी आपला अंगठा कशावर आहे, ते प्रत्येकानं पाहावं.

माझा फोन आता रात्री स्वयंपाकघरात असतो.